कागदावरील अदृश्य ठसे

एखाद्या ग्रामपंचायतीत टपालाने निनावी पत्र येते. आत दोन-चार ओळींची धमकी असते. शिपाई पाकीट फोडतो. लिपिक पत्र वाचून त्यावर आवकचा शिक्का मारतो, क्रमांक टाकतो आणि टाचणी लावून ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांपुढे ठेवतो. अधिकारी ते सरपंचांना दाखवतात, सरपंच उपस्थित सदस्यांना. चहा होईपर्यंत पत्र सात-आठ हातांतून फिरलेले असते. त्यानंतर कोणाला तरी पोलीस ठाण्याची आठवण होते.

पत्र लिहिणाऱ्याने आपले नाव लपविलेले असते. परंतु ज्या हाताने कागदाची घडी घातली व तो पाकिटात सरकवला, त्या हाताची खूण बहुधा कागदातच राहिलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. ही खूण रसायनांच्या साहाय्याने दृश्य करण्याच्या पद्धती आज चांगल्याच विकसित झाल्या आहेत. मात्र प्रयोगशाळेतील तज्ज्ञाला यश येणार की नाही, याचा निर्णय पुष्कळदा त्याच्या हाती कागद पडण्यापूर्वीच, वर वर्णिलेल्या टेबलावर होऊन गेलेला असतो. म्हणून ही रसायने कशी काम करतात हे शासकीय कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

घाम कागदात मुरतो

बोटांच्या टोकांवरील उंचवट्यांच्या रेषा जन्मापूर्वीच तयार होतात आणि आयुष्यभर त्यांची रचना बदलत नाही. या रेषांवर घर्मग्रंथींची सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून स्रवणाऱ्या घामात सुमारे ९८ ते ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अल्पशा भागात मीठ, युरिया, लॅक्टिक आम्ल आणि ॲमिनो आम्ले असतात. तळहाताला तैलग्रंथी नसतात. परंतु माणूस दिवसातून अनेकदा कपाळ, नाक, केस यांना हात लावतो व तेथील स्निग्ध द्रव्य बोटांवर घेतो. बोट कागदावर टेकले की या साऱ्याचे रेषांच्या आकृतीत सूक्ष्म लेपन होते.

काचेवर वा पितळी भांड्यावर हा लेप पृष्ठभागावर राहतो. म्हणून तेथे बारीक भुकटी कुंचल्याने फिरवून ठसा उठविता येतो. कागदाची गोष्ट निराळी. कागद हा वनस्पतिजन्य तंतूंचा बनलेला असतो आणि तो घाम शोषून घेतो. पाणी काही वेळात उडून जाते, इतर द्रव्ये तंतूंत मुरतात. त्यामुळे जुन्या कागदावर भुकटी टाकून हाती फारसे काही लागत नाही, उलट कागद मात्र माखतो. कागदावरील ठसा शोधावयाचा म्हणजे कागदाच्या आत शिरून घामाच्या एखाद्या घटकाशी संयोग पावेल असे रसायन शोधणे होय. एका ठशातील ॲमिनो आम्लांचे एकूण वजन ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी भरते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामातील नाजूकपणाची कल्पना येते.

आयोडीन आणि चांदी

या पद्धतींपैकी आयोडीनची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. आयोडीनचे स्फटिक किंचित तापविले असता ते न वितळता थेट जांभळट वाफेत रूपांतरित होतात. ही वाफ ठशातील स्निग्ध द्रव्यात शोषली जाते आणि तपकिरी रेषा दिसू लागतात. या पद्धतीत कागदाला ओलावा लागत नाही व शाई फुटत नाही. परंतु आयोडीन पुन्हा उडून जाते आणि रेषा काही मिनिटांत फिकट होतात. म्हणून छायाचित्र तत्काळ घ्यावे लागते. शिवाय ठसा थोड्या दिवसांचाच असेल तर ही पद्धत उपयोगी पडते.

माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकांना संप्लवन शिकविताना हा प्रयोग सहज दाखविता येईल. झाकणाच्या बरणीत आयोडीनचे दोन-तीन स्फटिक टाकून, कपाळावरून फिरविलेले बोट टेकविलेली पांढऱ्या कागदाची पट्टी आत सोडली की पुरे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत तर बरणीला ऊब देण्याचीही गरज पडत नाही. आयोडीनची वाफ श्वासात जाणे अपायकारक असल्याने प्रयोग खिडक्या उघड्या ठेवून, शिक्षकांनी स्वतः करावा.

दुसरी जुनी पद्धत सिल्व्हर नायट्रेटची. घामातील मिठाशी त्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनते व प्रकाशात ते काळवंडते. जुन्या छायाचित्रणकलेचे तत्त्वही हेच होते. दमट हवेत मीठ कागदात पसरते व रेषांच्या कडा विरघळतात, तसेच कालांतराने सगळाच कागद काळा पडतो. त्यामुळे ही पद्धत आता मागे पडली आहे.

निनहायड्रिन

कागदावरील ठशांच्या शास्त्रात खरे परिवर्तन घडविले ते निनहायड्रिनने. केंब्रिज विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ झीगफ्रीड रूहेमान यांनी १९१० साली हा पदार्थ तयार केला. ॲमिनो आम्लांशी त्याचा संयोग झाला असता गर्द जांभळा रंग येतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. त्या रंगाला आजही रूहेमान यांचेच नाव आहे. निनहायड्रिनचे दोन रेणू ॲमिनो आम्लातील नायट्रोजनच्या एका अणूला दोन्ही बाजूंनी धरतात आणि त्यातून हे रंगद्रव्य बनते.

पुढे जैवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत ॲमिनो आम्ले ओळखण्यासाठी निनहायड्रिन सर्रास वापरात आले. गाळणकागदाला उघड्या हाताने स्पर्श केला की नको तेथे जांभळी बोटे उमटतात, हा तेथील कामकऱ्यांचा नित्याचा उपद्रव होता. हाच उपद्रव उपयोगाचा आहे, हे १९५४ साली स्वीडनमधील स्वांते ओडेन व बेंग्ट फॉन हॉफस्टेन या दोघांनी प्रसिद्धपणे मांडले. म्हणजे मूळ शोध आणि त्याचा पोलिसी उपयोग यांत चव्वेचाळीस वर्षे गेली. प्रयोगशाळेत ज्याला दोष मानले जाते त्याकडे दुसऱ्या दृष्टीने पाहावयास किती काळ जावा लागतो, याचे हे एक उदाहरण मानावयास हरकत नाही.

निनहायड्रिनची मोठी सोय अशी की, ॲमिनो आम्ले कागदातील सेल्युलोजला घट्ट धरून राहतात. मीठ पसरते, तेल सुकते; परंतु कागद कोरडा राहिला तर ॲमिनो आम्ले वर्षानुवर्षे आपल्या जागी असतात. अनेक वर्षांपूर्वीच्या कागदांवरील ठसेही या पद्धतीने उमटले आहेत. कागद द्रावणात क्षणभर बुडवून वाळविला जातो. नंतर सुमारे ८० अंश सेल्सियस तापमान व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या पेटीत काही मिनिटे ठेवला जातो. घाई नसेल तर अंधारात, नेहमीच्या तापमानात एक-दोन दिवस वा अधिक काळ ठेवूनही रंग येतो.

यातील आर्द्रतेची अट सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात विशेष महत्त्वाची आहे. निनहायड्रिनची प्रक्रिया पूर्ण होण्यास ओलावा लागतो. उन्हाळ्यातील दुपारी येथील पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. अशा हवेत कागद नुसता टांगून ठेवला तर रंग फिकट येईल व तपासणाऱ्याचा समज होईल की कागदावर ठसेच नव्हते. मुंबईच्या पावसाळी हवेत जे आपोआप घडते, त्यासाठी सोलापुरात आर्द्रता राखणारी पेटीच लागते. उलटपक्षी, याच कोरड्या हवेत दप्तरात पडून राहिलेल्या कागदातील ठसे अधिक काळ टिकण्याची शक्यता असते.

द्रावण कशात करावे, हाही प्रश्न होता. पाण्यात वा मद्यार्कात शाई फुटते आणि पत्रातील मजकूरच वाहून जातो. बरीच वर्षे यासाठी क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वर्गातील एक द्रव वापरला जाई. या वर्गातील रसायने ओझोनच्या थरास घातक ठरल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ती मागे घेण्यात आली. त्यानंतर हायड्रोफ्ल्युओरोइथरसारखे पर्याय पुढे आले.

१९९० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी डीएफओ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे संयुग पुढे आणले. १९९७ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून इंडेनडायोन आले. दोन्ही ॲमिनो आम्लांशीच संयोग पावतात. परंतु त्यांनी उठविलेला ठसा हिरव्या प्रकाशात धरून नारिंगी चष्म्यातून पाहिला असता स्वतः उजळून दिसतो. अंधाऱ्या खोलीत काजवा दिसावा तसा अत्यंत क्षीण ठसाही त्यामुळे नजरेस पडतो. इंडेनडायोनमध्ये झिंक क्लोराइड अल्प प्रमाणात घातले असता हा उजेड वाढतो.

क्रम चुकला की संधी गेली

यांपैकी एकच पद्धत निवडावयाची नसते. त्या एकामागून एक वापरावयाच्या असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. प्रथम नुसत्या डोळ्यांनी व निरनिराळ्या प्रकाशात पाहणी, छायाचित्रे, आणि हस्ताक्षर तज्ज्ञाचे काम. कागदावर दबलेल्या अक्षरांच्या खुणा द्रावणात भिजल्यावर परत मिळत नाहीत. त्यानंतर इंडेनडायोन किंवा डीएफओ, मग निनहायड्रिन, आणि सर्वांत शेवटी पाण्यातून द्यावयाची चांदीची प्रक्रिया. पाण्याची प्रक्रिया आधी केली तर ॲमिनो आम्ले धुऊन जातात व पुढच्या साऱ्या वाटा बंद होतात.

मग कागद आधीच भिजलेला असेल तर काय? सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने पंढरपूर परिसराला वेढले, सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. अशा पाण्यातून निघालेल्या कागदावर निनहायड्रिन निष्फळ ठरते; परंतु पाण्यात न विरघळणारे स्निग्ध द्रव्य तंतूंत शिल्लक असते. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये विकसित झालेली फिजिकल डेव्हलपर ही पद्धत नेमकी यासाठीच आहे. तिच्या द्रावणात चांदी व लोहाचे क्षार असे तोलून मिसळलेले असतात की, चांदीचे सूक्ष्म कण स्निग्ध रेषांवर हळूहळू बसतात आणि करडा ठसा उमटतो. आजच्या बहुतेक कागदांत चुनखडीची पूड भरलेली असते. ती द्रावण बिघडविते, म्हणून कागद आधी मॅलेइक आम्लात धुऊन घ्यावा लागतो. तात्पर्य, भिजलेला कागद टाकून देऊ नये. तो उन्हात वा इस्त्रीने न वाळविता सावलीत, सुटा पसरून वाळवावा.

आणखी एका कागदाचा उल्लेख आवश्यक आहे. एटीएममधून निघणारी पावती, एसटीच्या यंत्रातून मिळणारे तिकीट, रास्त भाव दुकानातील यंत्राची पावती हे सारे उष्णतेने काळे पडणारे कागद आहेत. निनहायड्रिनच्या नेहमीच्या द्रावणात ते क्षणात काळेकुट्ट होतात, तापविले तरी तेच. त्यांच्यासाठी वेगळी द्रावणे वा वाफेच्या पद्धती वापराव्या लागतात. संशयिताच्या खिशातील तिकीट हा कित्येकदा महत्त्वाचा दुवा असतो. ते गाडीच्या तापलेल्या काचेजवळ ठेवले तरी निकामी होऊ शकते.

ठसा काय सांगतो व काय सांगत नाही

कागदावरील ठशाचा इतिहास आपल्याच देशातील आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा घेतला. शाई होती कार्यालयीन शिक्क्याची. कलकत्त्यात १८९७ साली ठशांचे केंद्र सुरू झाले. त्याची शास्त्रीय वर्गीकरणपद्धती बसविण्यात अझिजुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. पद्धत मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली.

त्याच वर्षी जलपैगुडी भागातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. फोडलेल्या पेटीत सापडलेल्या बंगाली पंचांगावर तपकिरी डाग होते. त्यांतील एक डाग पूर्वी शिक्षा झालेल्या एका माजी नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. १८९८ मध्ये खटला चालला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली. खुनाच्या आरोपातून मात्र सोडले. पंचांगाला त्याचा हात लागला हे सिद्ध झाले होते. खून त्याने केला, हे त्या ठशाने सिद्ध होत नव्हते. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा निवाडा आजही अचूक वाटतो. ठसा स्पर्श सांगतो. तो केव्हा झाला हे रसायन खात्रीने सांगू शकत नाही, कशासाठी झाला हे तर मुळीच नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीवर लिपिकाचे ठसे असणारच. ते पुरावा ठरत नाहीत. तसेच ठसा न मिळणे हाही निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. काहींच्या हातांना घाम कमी येतो. सोलापुरात विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या कित्येकांच्या बोटांच्या रेषा श्रमाने झिजलेल्या असतात. अंगठा न ओळखणाऱ्या यंत्रापुढे ताटकळणाऱ्यांना हे सांगावयास नको.

जुळणी करणाऱ्या तज्ज्ञाचीही चूक होऊ शकते. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण संस्थेने एका निरपराध वकिलाचा ठसा जुळतो असे सांगून त्याला अटक केली होती. स्पॅनिश पोलिसांना खरा मनुष्य सापडल्यावर चूक उघड झाली.

सोलापूरला या विषयाची दुसरी, अधिक वेदनादायक बाजू माहीत आहे. शहरातील सेटलमेंट हा भाग ब्रिटिश काळात तथाकथित गुन्हेगार जमातींसाठी तारेच्या कुंपणात वसविलेला होता. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या जमातीतील कोणाही व्यक्तीच्या बोटांचे ठसे अधिकाऱ्याला केव्हाही घेता येत. त्यासाठी गुन्हा घडलेला असण्याची आवश्यकता नव्हती, त्या जमातीत जन्म झालेला असणे पुरेसे होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. संशय आधी व पुरावा नंतर, अशी ती व्यवस्था होती. कागदातून रसायनाने उठविलेला ठसा उलट क्रमाने चालतो: आधी घटनास्थळीची खूण, मग ती कोणाची याचा शोध. गावात काही घडले की ज्या वस्तीकडे बोट दाखविण्याची सवय आहे, त्या वस्तीतील माणसाला सोडविण्याचे सामर्थ्यही या खुणेत असते.

पंच आणि पंचनामा

संशयिताचे ठसे घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या प्रकरणात दिला. ठसे व अन्य मोजमापे घेण्याबाबतच्या १९२० च्या कायद्याची जागा २०२२ च्या नव्या कायद्याने घेतली. त्याच वर्षी देशभरातील ठशांची संगणकीय जुळणी करणारी नॅफिस ही यंत्रणाही सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे. राज्यांना ही तरतूद अमलात आणण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत देण्यात आली.

तरीही खटला कोठे ढासळतो? राजस्थानातील मोहम्मद अमन प्रकरणात पितळी भांड्यावरील ठसा आरोपीशी जुळत असूनही सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो पुरावा ग्राह्य धरला नाही. भांडे मधल्या काळात मोहोरबंद व अबाधित राहिले होते, हे सिद्ध झाले नव्हते. नमुन्याचे ठसेही दंडाधिकाऱ्यांसमक्ष घेतलेले नव्हते. पंच म्हणून सही करणाऱ्या पंचायत सदस्याने अथवा शिक्षकाने याचा अर्थ ध्यानी घ्यावा. कागद आपल्यासमोर पाकिटात घातला गेला का, लाख लावून मोहोर उमटविली का, पाकिटावरील सही आपलीच आहे का, हे पाहिल्याशिवाय सही करू नये. वर्षा-दोन वर्षांनी न्यायालयात याच गोष्टी विचारल्या जातात.

कार्यालयात काय करावे

संशयास्पद कागद दिसताच तो आहे तेथेच राहू द्यावा. उचलणे भागच असेल तर कडेला चिमट्याने धरावे. पातळ सुती मोज्यांनीही ठसा पुसला जातो. आवकचा शिक्का, क्रमांक, शेरा यांपैकी काहीही मूळ कागदावर नको. त्यासाठी वेगळी टिपणी लिहून जोडता येते, आणि कार्यपद्धतीचा भंग झाला असे कोणी म्हणणार नाही. टाचणी, छिद्रयंत्र, चिकटपट्टी, नवी घडी टाळावी. बोट जिभेला लावून पाने उलटण्याची सवय तर सर्वथा घातक. तिने ठसा जातोच, शिवाय आपली लाळ पुराव्यात मिसळते. प्रत हवी असल्यास मोबाइलने छायाचित्र घ्यावे. लॅमिनेशन कदापि करू नये. फाटका दस्त जपण्याच्या सद्हेतूने ते केले जाते आणि उष्णता व प्लॅस्टिक मिळून पुढील तपासणी जवळजवळ अशक्य करून टाकतात.

कागद ठेवण्यासाठी स्वच्छ कागदी पाकीट उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा साठतो. पाकिटावरील मजकूर कागद आत घालण्यापूर्वी लिहावा. नंतर लिहिल्यास लेखणीच्या दाबाच्या खुणा आतल्या कागदावर उमटतात. कागद कोणाकोणाच्या हाती गेला, त्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत, कारण त्यांचे ठसे वेगळे काढल्याशिवाय अनोळखी ठसा ओळखता येत नाही. हे ठसे देण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तपासणीनंतर परत आलेला कागद पाहून अनेकांना धक्का बसतो. निनहायड्रिन दिलेल्या पत्रावर जांभळे डाग पडलेले असतात, काही ठिकाणी पुढील कित्येक दिवस नवे डाग उमटत राहतात. चांदीच्या प्रक्रियेनंतर कागद करडा होतो. हे नुकसान नसून तपासणीचे चिन्ह आहे. असा कागद धुऊ वा पुसू नये, प्रकाशापासून दूर, अंधाऱ्या पाकिटात ठेवावा. कारण तो जांभळा रंग उजेडात हळूहळू विटतो. न्यायालयात दाखविण्यासाठी तज्ज्ञाने रंग ताजा असताना घेतलेले छायाचित्र अहवालासोबत असते. ते मूळ कागदाच्या पाकिटातच, त्याच क्रमांकाखाली जपून ठेवावे.